एका मूकपटाची शताब्दी आणि त्याचे हक्काचे संगीत : फिल्म सोसायट्यांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्यांचे पदाधिकारी आणि चित्रपट महोत्सवांचे संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

जानेवारी १९२७ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच दिग्दर्शक रेमों बेर्नार यांचा ‘ल झ्वर देशेक’, म्हणजे ‘बुद्धिबळपटू’, हा मूकपट प्रथम दाखवला गेला. जानेवारी २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण होतात. हा चित्रपट आपण त्या निमित्ताने आपल्या प्रेक्षकांना दाखवावा, आणि दाखवायचा असेल तर आंरी राबो यांनी त्यासाठी लिहिलेल्या संगीतासह, योग्य गतीने आणि अखंड दाखवावा, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती छोटी आहे, परंतु तिच्यामागची कारणे सविस्तर सांगितल्याशिवाय ती कोणाला पटेल असे मला वाटत नाही. म्हणून आपला थोडा अधिक वेळ घेते.

मी सांगलीत राहते. शाळेत संगीत शिकवण्यात माझी नोकरी झाली, आणि बुद्धिबळाचा प्रसार करणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या या गावात वाढल्यामुळे बुद्धिबळाचा पट घरात लहानपणापासून होता. हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो पुष्कळ वर्षांपूर्वी, एका मोठ्या शहरातील एका संस्थेच्या कार्यक्रमात. मूकपट म्हणजे आवाज नसलेला चित्रपट, अशा समजुतीने संयोजकांनी ध्वनी पूर्ण बंद ठेवला होता. अंधाऱ्या सभागृहात पंख्यांची घरघर आणि खुर्च्यांची करकर एवढेच ऐकू येत होते. तासाभरात निम्मे लोक उठून गेले, आणि खरे सांगायचे तर उरलेल्यांपैकी बहुतेकांना, त्यांत मीही होते, चित्रपटाचा मधला भाग कळलाच नाही. दुसऱ्या एका ठिकाणी त्याच चित्रपटाचा काही भाग दाखवताना मागे सतारीची कुठलीशी ध्वनिफीत लावून दिली होती. पुढे फार वर्षांनी राबो यांच्या संगीतासह पुनर्स्थापित केलेली प्रत पाहण्याचा योग आला, तेव्हा जाणवले की मी तो चित्रपट त्याआधी कधी पाहिलेलाच नव्हता. हे आठवते ते कोणाचा दोष काढण्यासाठी नव्हे. त्या संयोजकांनी पदरमोड करून चित्रपट दाखवला होता, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या चुकीमुळे मी इतकी वर्षे एका थोर कलाकृतीला मुकले, ती चूक शताब्दीच्या वर्षी पुन्हा होऊ नये, ही माझी तळमळ आहे.

चित्रपटाची कथा आंरी द्युपुई-माझ्युएल यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून घेतलेली आहे. काळ १७७६ चा, स्थळ विल्ना, म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्निअस. शहरावर रशियन सैन्याचा अंमल आहे. बोलेस्लास वोरोव्स्की हा पोलिश सरदार स्वातंत्र्यासाठी उठावाची तयारी करतो आहे, आणि तो असामान्य बुद्धिबळपटूही आहे. त्याच्याबरोबर वाढलेल्या सोफी नोविन्स्कामध्ये लोकांना पोलंडचे स्वातंत्र्यच मूर्तिमंत दिसते. सोफीवर बोलेस्लासचे प्रेम आहे आणि एका रशियन राजपुत्राचेही. उठाव चिरडला जातो. जखमी बोलेस्लासला केम्पेलेन हा यंत्रकार आपल्या घरात आश्रय देतो. ते घर कळसूत्री माणसांनी भरलेले आहे. किल्ली दिली की ही माणसे चालू लागतात, मान वळवतात, हात उचलतात. शोध घेणाऱ्या रशियनांच्या हातून बोलेस्लासला वाचवण्यासाठी केम्पेलेन बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक तुर्क, म्हणजे तुर्की वेषातला पुतळा, बनवतो आणि त्याच्या पेटीत बोलेस्लासला लपवतो. लपलेल्या माणसाला सीमेपार न्यायचे असते, पण ती पेटीच गाजू लागते, आणि गाजलेल्या पेटीला थेट सेंट पीटर्सबर्गहून सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनचे बोलावणे येते. तिथे एका यंत्राला गोळ्या घालण्याची शिक्षा फर्मावली जाते. पुढचे मी लिहीत नाही, कारण पहिल्यांदा पाहणाऱ्याचा तो आनंद हिरावून घेण्याचा अधिकार मला नाही, आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेतही तो शेवट छापू नये अशी माझी विनंती आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या चित्रपटाच्या मध्यावर एक प्रसंग आहे, आणि माझे सगळे म्हणणे त्या एका प्रसंगावर उभे आहे. बाहेर लढाई पेटलेली आहे. सोफी पियानोपाशी बसून स्वातंत्र्यगीत वाजवते आहे. वाजवता वाजवता तिच्या नजरेसमोर पोलिश घोडदळ दौडत येते, निशाणे फडकत आहेत, शत्रूची फळी फुटते आहे, विजय हाताशी आला आहे. प्रत्यक्षात त्याच घटकेला तिची माणसे कापली जात आहेत. पडद्यावर ही दोन्ही दृश्ये येतात, आणि त्यांतले कोणते घडते आहे व कोणते तिच्या मनात आहे, हे सांगणारी एकही पाटी, म्हणजे पडद्यावरचा छापील मजकूर, बेर्नार मध्ये घालत नाहीत. ते काम त्यांनी संगीतावर सोपवले आहे. सोफीच्या बोटांखालचे गीत वाद्यवृंद उचलतो, ते फुगत जाते, घोड्यांच्या टापांबरोबर धावू लागते, आणि आपणही तिच्याबरोबर त्या विजयावर विश्वास ठेवतो. ते गीत ढासळते तेव्हा आपल्याला पराभव कळतो. ध्वनी बंद करून हा प्रसंग पाहणाऱ्याला काही घोडेस्वार एका बाजूने व काही दुसऱ्या बाजूने धावताना दिसतात आणि मध्येच एक मुलगी वाद्य वाजवताना दिसते. माझ्या पहिल्या वेळी मला नेमके एवढेच दिसले होते. भलतेच संगीत लावले तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण तिची बोटे एक वाजवतात आणि कानावर दुसरेच पडते.

संगीत नाटकाच्या या महाराष्ट्रात हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. एखादे संगीत नाटक पदे वगळून नुसते गद्य वाचून दाखवले, तर गोष्ट कळेल, पण ज्या क्षणी पात्राचे मन बोलते तो क्षणच हरवेल, कारण नाटककाराने ते बोलणे पदाकडे दिलेले असते. पदांऐवजी दुसऱ्याच नाटकातली पदे कोणी घुसडली, तर आपले प्रेक्षक ते क्षणभरही खपवून घेणार नाहीत. मूकपटाच्या बाबतीत मात्र आपण ते सर्रास खपवून घेतो. मूकपटाचा खेळ मुका कधीच नसे. आपल्याकडच्या तंबू-थिएटरांतही पडद्यापाशी पेटी, तबला, कधी व्हायोलिन घेऊन वादक बसलेले असत. सगळ्याच मूकपटांसाठी स्वतंत्र संगीत लिहिले जात नसे, हे खरे आहे, आणि जिथे तसे संगीत नव्हते तिथे आपल्या वादकांनी आपल्या पद्धतीने साथ करावी, याला माझी मुळीच हरकत नाही. उलट तसे अधिक व्हावे. परंतु जिथे संगीत लिहिले गेले, दिग्दर्शकाने ते गृहीत धरून दृश्ये रचली, आणि ते टिकून आपल्यापर्यंत पोहोचले, तिथे ते गाळण्याला काही समर्थन नाही.

आंरी राबो हे वेळेपुरते बोलावलेले साथीदार नव्हते. त्या काळात ते पॅरिसच्या संगीत विद्यालयाचे, कॉन्झर्वातॉरचे, संचालक होते आणि ऑपेराकार म्हणून त्यांची ख्याती होती. बेर्नार, द्युपुई-माझ्युएल आणि राबो या तिघांनी त्याआधी १९२४ मध्ये ‘लांडग्यांचा चमत्कार’ या अर्थाच्या नावाचा ऐतिहासिक चित्रपट केला होता, आणि त्याचा पहिला खेळ चक्क पॅरिसच्या ऑपेरागृहात झाला होता. चित्रपटाला तोपर्यंत जत्रेतल्या करमणुकीहून वरची जागा द्यायला अनेकजण तयार नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या घटनेचे मोल कळते. त्याच तिघांनी तीन वर्षांनी ‘बुद्धिबळपटू’ केला. केम्पेलेनच्या भूमिकेत शार्ल द्युलँ आहेत, जे फ्रेंच रंगभूमीवरचे मोठे नट, दिग्दर्शक आणि शिक्षक होते. नव्या नटांची एक पिढी त्यांच्या हाताखाली घडली. त्यांचा केम्पेलेन कधी खेळकर, कधी भीतीदायक, कधी आपल्याच बाहुल्यांपैकी एक वाटतो. पिएर ब्लांशार यांचा बोलेस्लास आणि एदित झेआन यांची सोफी यांच्याबद्दलही लिहिता येईल, पण पाहणाऱ्याला ते आपोआप दिसेल.

हे संगीत आज ऐकायला मिळते त्याचे श्रेय जुने मूकपट पुन्हा उभे करणाऱ्या केव्हिन ब्राउन्लो आणि डेव्हिड गिल यांना आहे. वेगवेगळ्या संग्रहांत विखुरलेले भाग जमवून त्यांनी १९९० मध्ये हा चित्रपट पुन्हा सांधला, आणि कार्ल डेव्हिस यांच्या संचालनाखाली राबो यांची मूळ रचना वाद्यवृंदाने वाजवली. ती प्रत सव्वादोन तासांच्या आसपास चालते. इंटरनेटवर सहज सापडणारी एखादी तुटकी, फिकट, ध्वनी नसलेली किंवा भलत्या ध्वनीची प्रत उतरवून घेऊ नये. पुनर्स्थापित प्रतीच्या हक्कधारकांकडे रीतसर परवानगी मागावी. एक सावधगिरीची सूचना येथेच देते. याच कादंबरीवर १९३८ मध्ये जाँ द्रेव्हिल यांनी नट कोनराड व्हाइट यांना घेऊन त्याच नावाचा बोलपट केला. नाव एकच असल्यामुळे घोटाळा होऊ शकतो, तेव्हा मागवताना वर्ष आणि दिग्दर्शक नीट नोंदवावेत.

चित्रपटाबरोबर खऱ्या यंत्राचा इतिहास प्रेक्षकांना सांगितला जावा, अशीही माझी इच्छा आहे. तो इतिहास कादंबरीहून कमी रसाळ नाही, आणि चित्रपटाला ऐतिहासिक म्हटले की आपल्याकडे लोक त्यातले सगळे खरे धरून चालतात. वोल्फगांग फॉन केम्पेलेन खरोखर होऊन गेले. १७३४ मध्ये प्रेसबुर्ग, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, येथे त्यांचा जन्म झाला आणि ते ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या दरबारात अधिकारी होते. व्हिएन्नात एका फ्रेंच माणसाने केलेले चुंबकाचे खेळ पाहून त्यांनी महाराणी मारिया तेरेसा यांना शब्द दिला की याहून अधिक चकित करणारे यंत्र मी करून दाखवतो, आणि १७७० मध्ये त्यांनी तुर्क दरबारात आणला. एक मोठी लाकडी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट, आणि पेटीमागे पागोटे घातलेला, माणसाच्या आकाराचा तुर्की वेषातला पुतळा. खेळापूर्वी केम्पेलेन पेटीची दारे एकेक करून उघडत, आतली दातेरी चाके दाखवत, मेणबत्तीचा उजेड आरपार जातो हे दाखवत, मग दारे लावून किल्ली देत. पुतळा डाव्या हाताने सोंगट्या उचलून खेळे. घोडा पटावरच्या चौसष्ट घरांतून, एकाही घरात दोनदा न जाता, फिरवून दाखवण्याचे कोडेही तो सोडवून दाखवत असे.

आत माणूस असे. तो सरकत्या बैठकीवर बसलेला असे आणि जे दार उघडले जाई त्याच्या विरुद्ध बाजूला सरके. चाकांचा मोठा भाग नुसता देखावा होता. सोंगट्यांच्या तळाशी चुंबक बसवलेले होते, आणि पटाच्या खालच्या बाजूला टांगलेल्या लोहाच्या गोट्यांच्या हालचालीवरून कोणती सोंगटी कुठून उचलून कुठे ठेवली हे आतल्याला कळे. मेणबत्तीच्या उजेडात तो आपल्या छोट्या पटावर डाव मांडून विचार करी आणि तरफांच्या साहाय्याने पुतळ्याचा हात चालवी. मेणबत्तीचा धूर बाहेर दिसू नये म्हणून सभागृहातही पेटत्या मेणबत्त्या ठेवलेल्या असत. १७८३ पासून हा तुर्क युरोपभर फिरला. पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिन त्याच्याशी खेळले, आणि त्या काळचे सर्वश्रेष्ठ बुद्धिबळपटू फिलिदोर यांनी त्याला हरवले. १८०४ मध्ये केम्पेलेन वारले. पुढे योहान मेल्त्सेल या यंत्रकारांनी यंत्र विकत घेतले, आणि १८०९ मध्ये व्हिएन्नाजवळच्या शोनब्रुन राजवाड्यात खुद्द नेपोलियन त्याच्यासमोर बसला. नेपोलियनने मुद्दाम नियमबाह्य चाली केल्या, आणि अखेर पुतळ्याने हात फिरवून सगळा पट विस्कटून टाकला, अशी कथा सांगतात. चित्रपटात सम्राज्ञी कॅथरीन जेव्हा लबाडीची चाल करते, तेव्हा ही कथा माहीत असलेल्या प्रेक्षकाला तो प्रसंग दुप्पट रंगतो.

चित्रपटातील मुख्य घटना मात्र घडलेली नाही. जखमी पोलिश बंडखोराला लपवण्यासाठी केम्पेलेनने यंत्र केले, ही दंतकथा एकोणिसाव्या शतकात फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ यांच्या आठवणींमुळे लोकप्रिय झाली. ज्या बंडाचा त्यात उल्लेख येतो ते १७७६ मधले, आणि तुर्क तर त्याच्या सहा वर्षे आधीच दरबारात खेळून दाखवत होता. कालगणना एवढी साधी असूनही दंतकथा टिकली. विल्नाचेही तसेच. पोलंडची पहिली फाळणी, म्हणजे शेजारच्या सत्तांनी त्याचा मुलूख वाटून घेणे, १७७२ मध्ये झाली खरी, पण विल्ना रशियाने आपल्या राज्याला जोडले ते १७९५ च्या तिसऱ्या फाळणीत, आणि तिथला मोठा उठाव झाला १७९४ मध्ये. केम्पेलेन आणि रशियन राजघराणे यांची गाठ पडली ती वेगळ्या रीतीने. कॅथरीनचा मुलगा, युवराज पाव्हेल, १७८१ मध्ये व्हिएन्नाला आला, तेव्हा त्याच्यासाठी सम्राट दुसऱ्या जोसेफच्या सांगण्यावरून मोडून ठेवलेला तुर्क पुन्हा जुळवला गेला होता.

एवढे सगळे काल्पनिक असूनही मी या चित्रपटाला ऐतिहासिकच म्हणेन. १७९५ नंतर सव्वाशे वर्षे पोलंड हा देश नकाशावर नव्हता. १९१८ मध्ये तो परत आला, आणि चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्याला नऊ वर्षेही झाली नव्हती. नसलेल्या देशाचे गीत वाजवणारी सोफी ही १९२७ च्या प्रेक्षकाला कालपरवाची बातमी वाटली असणार. लढाईत विजय न मिळताही तो डोळ्यांसमोर पाहत राहण्याची तिची जिद्द, हा त्या सव्वाशे वर्षांचा खरा इतिहास आहे, आणि तो राबो यांच्या गीतात आहे. म्हणून मी पुन्हा पुन्हा संगीतावर येते.

जाहिरातीबद्दल एक कळकळीची सूचना करते. या चित्रपटाची ओळख ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचे शंभर वर्षांपूर्वीचे भाकीत’ अशी करून देण्याचा मोह होईल. तो कृपया टाळावा. त्या पेटीत बुद्धिमत्ता कृत्रिम नव्हती. ती माणसाची होती, अंधारात, उकाड्यात, गुडघे दुमडून बसलेल्या माणसाची. नेपोलियनशी खेळला तो व्हिएन्नाचा योहान आल्गायर, ज्याच्या नावाची सलामी, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची पद्धत, बुद्धिबळाच्या पुस्तकांत आजही सापडते. अमेरिकेत मेल्त्सेलच्या पेटीत बसत असे विल्यम श्लुम्बर्गर. अमेरिकन लेखक एडगर अॅलन पो यांनी १८३६ मध्ये लिहिलेल्या लेखात नेमके हेरले होते की खेळ चालू असताना श्लुम्बर्गर कधीच कोणाच्या नजरेस पडत नाही. हाच श्लुम्बर्गर १८३८ मध्ये हवानात पीतज्वराने मरण पावला, आणि परतीच्या प्रवासात त्याच वर्षी मेल्त्सेलही जहाजावर वारले. पेटी शेवटी फिलाडेल्फियाच्या एका संग्रहालयात पडून राहिली आणि ५ जुलै १८५४ च्या आगीत जळाली. टाळ्या पुतळ्याला मिळाल्या. आत बसणाऱ्यांपैकी कित्येकांची नावे बुद्धिबळाच्या अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाहीत. बेर्नार यांनी आपला सगळा चित्रपट त्या आतल्या माणसावर आणि त्याला वाचवू पाहणाऱ्या केम्पेलेनवर रचला आहे. जाहिरातीत काही सांगायचेच असेल तर हे सांगावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. मूकपटांच्या काळात फीत सेकंदाला साधारण १६ ते २४ फ्रेम्स अशा वेगवेगळ्या गतींनी चाले. हळू गतीने टिपलेली दृश्ये बोलपटाच्या गतीने दाखवली की माणसे तुरुतुरु पळू लागतात आणि गंभीर प्रसंगी सभागृहात हशा पिकतो. पुनर्स्थापित प्रतीत गती सुधारलेली असते, ती प्रक्षेपकावर पुन्हा बदलू नये. चित्रपट मधोमध कापून चहापाण्यासाठी थांबवू नये. थांबायचेच असेल तर लढाईचा प्रसंग संपल्यानंतर थांबावे, त्याच्या आधी कदापि नाही. मजकुराच्या पाट्या फ्रेंच किंवा इंग्रजी असतील, त्यांचे मराठी भाषांतर पडद्याखाली द्यावे. तेही जमत नसेल तर कोणीतरी स्पष्ट आवाजात ते वाचावे. आपल्याकडच्या मूकपटांच्या खेळांतही न वाचता येणाऱ्यांसाठी पाट्या मोठ्याने वाचल्या जात, तेव्हा ही पद्धत आपल्याला परकी नाही. पूर्ण वाद्यवृंद उभा करणे बहुतेक सोसायट्यांच्या खिशाला परवडणार नाही, याची मला कल्पना आहे. डेव्हिस यांचे ध्वनिमुद्रण चांगल्या ध्वनिवर्धकांवर, पुरेशा आवाजात लावले तरी माझे समाधान होईल. मात्र मुंबई-पुण्यातील एखाद्या मोठ्या महोत्सवाने ते संगीत प्रत्यक्ष वाजवून घेण्याचा विचार जरूर करावा. मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंद आहे, प्रेक्षक आहे, आणि असा प्रसंग शंभर वर्षांतून एकदा येतो.

बुद्धिबळाच्या संस्थांनाही आवर्जून बोलवावे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून गावोगावच्या वर्गांत मुलींची संख्या वाढलेली मी स्वतः आमच्याकडे पाहते आहे. त्या मुलींना पटावरचा खेळ येतो. त्या खेळाभोवती केवढी नाट्ये घडली हे त्यांना कोणी सांगत नाही. शिवाय कळसूत्री बाहुल्यांचे आमच्या सांगलीशी जुने नाते आहे. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर आणल्या. केम्पेलेनच्या घरातील बाहुल्या एकाच वेळी चालू लागतात तो प्रसंग ही मुले श्वास रोखून पाहतील, याची मला खात्री आहे.

हा आग्रह मराठी माणसाने का धरावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की ऐतिहासिक मूकपट गमावणे म्हणजे काय हे आपल्याइतके फार थोड्यांना ठाऊक असेल. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ केला. आमच्या आजोबांच्या पिढीने तो पाहिला आणि आम्ही त्याच्याबद्दल फक्त ऐकत आलो. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट झाले, आणि त्यांपैकी पूर्ण वा अपूर्ण मिळून जेमतेम तीसेक उरले आहेत. फाळके यांचे जे काही आज पाहता येते, त्यामागे पी. के. नायर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी दारोदार केलेली वणवण आहे. ‘सिंहगड’च्या खेळात कोणी काय वाजवले, कोंढाणा चढताना पेटीवर कोणते सूर होते, हे आता कोणालाच कळणार नाही. पोलिश घोडदळ दौडताना काय वाजत होते, ते मात्र स्वरलिपीत लिहिलेले आहे आणि वाजवलेलेही आहे. ते कानांआड करू नये.

पाट्यांच्या मराठी भाषांतराचे काम कोणत्याही सोसायटीसाठी विनामोबदला करून द्यायला मी तयार आहे. सहा महिने आधी कळवावे, म्हणजे संगीताच्या लयीत प्रत्येक पाटी पडद्यावर किती वेळ राहते ते मोजून, तेवढ्या वेळात वाचून होईल अशी वाक्ये करता येतील. सांगलीतील खेळासाठी सभागृह शोधण्याचे काम मी सुरू केले आहे. अन्य गावांतील संयोजकांनी तारखा आपसांत ठरवून घेतल्या, तर एकच परवानगी आणि एकच प्रत सर्वांना पुरेल, आणि खर्चही वाटला जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका फिल्म सोसायटीची जुनी सभासद, निवृत्त संगीतशिक्षिका
सांगली